नेपतीला पान नसतं

१

चोरीला गेलं होतं ते फक्त एक पान.

सन १९०७, मार्गशीर्षातला सोमवार. जुन्नरच्या आमच्या इंग्रजी शाळेत पुस्तकांचं कपाट एक, त्यात लॅटिनचा कोश एक, आणि तो उघडणारा मास्तरही एकच, म्हणजे मी, चांगदेव. वर्षातून दोनदा त्याच्यावरची धूळ झटकायची, एवढाच आमचा घरोबा. त्या सकाळी मात्र मला खरोखरच एक शब्द पाहायचा होता, आणि नेमकं तेच पान नाहीसं झालं होतं.

पान फाटलेलं नव्हतं, शिवणीलगत सरळ कापलेलं होतं. डाव्या पानावरचा शेवटचा शब्द होता ‘नेमुस’, म्हणजे देवराई. उजव्या पानावरचा पहिला होता ‘नेक्वाम’, म्हणजे नालायक. मधले सगळे शब्द गायब. चोराला काय म्हणावं हे कोशानं सांगून ठेवलं होतं, फक्त त्याचं नाव सांगितलं नव्हतं.

मला हवा होता तो शब्द ‘नेप्टी’. त्याची हकिगत अशी.

साठेक वर्षांपूर्वी पेल नावाचा एक इंग्रज डॉक्टर येडगावच्या शिवारात, कुकडीच्या काठाला, औषधी झाडांची बाग सांभाळत असे. विलायतेला परत जाताना त्यानं स्वतःच्या मालकीचा जमिनीचा तुकडा आणि त्यातली विहीर आपल्या माळ्याच्या घरात देऊन टाकली. विहिरीवर दगड बसवला आणि त्यावर लॅटिनमध्ये दोन शब्द कोरून घेतले: ‘नेप्टी सावळेरामी’. दानाचा कागद पुढे कचेरीत वाळवीनं खाल्ला. दगड राहिला. तेवीस वर्षांपूर्वी कचेरीतले शिरस्तेदार धोंडोपंत यांनी तो दगड वाचला आणि दप्तरात नोंद केली, ‘विहीर व जमीन सावळेराम नेपतीकर याची.’ नगरकडे नेपती नावाचं गाव आहे, तेव्हा माळी तिकडून आलेला असणार, असा त्यांचा तर्क. त्या तर्काबद्दल कलेक्टरसाहेबानं त्यांची पाठ थोपटली होती.

आता फेरमोजणी निघाली. सावळेराम नेपतीकराच्या वारसांनी हजर व्हावं असा जाहीरनामा फिरला, आणि नेपतीहून कुंडलिक नावाचा शेतकरी दाखल झाला. त्याच्या आजाचं नाव सावळेराम, तो जुन्नरकडे म्हणून निघाला तो परत गेलाच नाही. इकडे त्या जमिनीवर जन्मापासून राहते ती ठमाबाई. तिचाही आजा सावळेरामच, पण येडगावचा. गुरुवारी मामलेदारांपुढे निकाल होता. दगडावरचा सावळेराम नेपतीचा ठरला, तर ठमाबाईनं बासष्टाव्या वर्षी लहानग्या नातीला घेऊन घराबाहेर पडायचं.

ठमाबाईचं म्हणणं एवढंच, की दगडावर माझं नाव आहे. लोक हसले. मामलेदार हसले नाहीत. त्यांनी मला चिठ्ठी पाठवली, की दगड वाचा आणि छापील आधारासकट अभिप्राय द्या. मुंबईला कॉलेजात मी दोन वर्षं लॅटिन केलं ते परीक्षेपुरतं. विभक्त्या डोक्यात राहिल्या होत्या, शब्द गळून गेले होते. म्हणून कोश.

मी पुस्तक पुन्हा हातात घेतलं. शिवलेल्या पुस्तकातलं एक पान कापलं, की पलीकडचं त्याचं जोडपान सुटून येतं. इथे ते सुटलं नव्हतं. कुणीतरी त्याला खळ लावून शिवणीशी नीट चिकटवून ठेवलं होतं, वर दाबून, एक सुरकुती न पाडता.

चोरी करून वर पुस्तकाची डागडुजी करणारा चोर मी आजवर पाहिला नव्हता.

२

कपाटाची किल्ली शाळेचा शिपाई गेणू याच्या कमरेला असते. त्याला बोलावलं.

“गेणू, कपाटातलं एक पान गेलंय.”

“मी तंबाखू खातो मास्तर, पान न्हाई खात.”

“पुस्तकातलं पान.”

गेणूचा चेहरा उतरला. माणूस भित्रा, पण खोटं बोलणारा नव्हे. गेल्या आठवड्यात कपाटाजवळ कोण कोण आलं ते मी त्याच्याकडून काढून घेतलं. गुरुवार-शुक्रवार नेपतीचा कुंडलिक शाळेच्या ओसरीत मुक्कामाला होता. शनिवारी शाळेच्या कमिटीची बैठक त्याच खोलीत झाली. बैठकीला दोघंच आले, हिरड्याचे व्यापारी सुवालाल शेठ आणि धोंडोपंत. कपाट त्या दिवशी उघडंच होतं, कारण गेणू फाटके नकाशे चिकटवायला काढत होता.

“म्हणजे खळ शिजवली होती?”

“शिजवली की, वाडगाभर. शेठनी लखोटा चिकटवाया घेतली. पंतांनी नकाशाचे कोपरे सवता लावले, मला म्हनले तुला नीट जमत न्हाई. आन त्यो नेपतीचा पावना सामान न्याया आला व्हता, त्यो म्हनतो, पेज हाय का? म्या म्हनलं, खाऊन बघ.”

“खाल्ली?”

“चाटली जरा. मीठ न्हाई म्हनला.”

तेव्हा खळ तिघांच्याही हाताशी होती, चौथा गेणू. धोंडोपंतांना मी यादीतून तिथल्या तिथे खोडलं. पेल डॉक्टरची पुस्तकं वाळवीच्या तोंडातून काढून शाळेला दिली ती त्यांनी. त्याच पुस्तकांवर, गुरू नसताना, स्वतःचे स्वतः लॅटिन शिकले. मला संस्कृत शिकवलं त्यांनी, आणि परीक्षेची फी भरली तीही त्यांनीच. त्यांच्यावर संशय घ्यायचा तर आधी जन्मदात्यावर घ्यावा.

उरलेल्यांत पहिले सुवालाल शेठ, ज्यांना त्या जमिनीत रस आहे हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं.

३

मंगळवारी संध्याकाळी गेलो तेव्हा सुवालाल शेठ गादीवर बसून हिरड्याचा नमुना दातानं फोडून बघत होते. मी सरळच विचारलं. ते रागावले नाहीत.

“जागा पायजे, खरं आहे,” ते म्हणाले. “हिरडा वाळवायला नदीकाठचं खळं पायजे. ठमाबाई नाही म्हणाली. कुंडलिक हो म्हणतो. म्हणून मी पुस्तक कापणार? मास्तर, माझ्या तीन पिढ्या ह्या पेठेत गेल्या. मला मोडी येते, आमची महाजनी येते. तुमच्या त्या साहेबी अक्षरातलं एक जरी मला ओळखता आलं तर आजपासून दुकान तुमचं.”

त्यांनी शनिवारचा लखोटा दाखवला. खळीचे गोळे बाहेर आले होते आणि कागद वाकडा चिकटला होता. हा हात कोशाचं पान बिनसुरकुतीचं बसवणारा नव्हे, हे मला पटलं.

तेवढ्यात आतून शेठाणी कस्तुरबाई ताक घेऊन आल्या. दाराआडून सगळं ऐकलेलं होतं.

“मास्तर, तो दगड नेपतीचा म्हणतात ना सगळे? त्यानं मला फार फसवलं.”

“ते कसं?”

“नेपतीचं झुडूप असतं. आमच्या मारवाडात त्याला केर म्हणतात. त्याच्या फळाचं लोणचं घालतात. लग्न होऊन इथं आले तेव्हा ऐकलं, येडगावला नेपतीची विहीर आहे. मला माहेर भेटल्यासारखं झालं. बैलगाडी जुंपून गेले. एक झुडूप नाही. असणार कसं? नेपती कोरड्या माळावर येते, पाण्याकाठी नाही. नेपतीला पान नसतं, मास्तर. नुसता काटा आणि लाल फूल. तिथं तर सगळी पानंच पानं.”

मी ताक तसंच ठेवून उठलो. शेठाणी गमतीनं बोलल्या होत्या, पण त्यांनी माझं अर्धं काम केलं होतं. विहिरीवर नेपती हे झुडूप नाही. ठमाबाईच्या घरात नेपती या गावाची आठवण नाही. मग ‘नेप्टी’ हे नाव कशावरून? तो साधा शब्द असेल तर? आणि तसं असेल तर त्याचा अर्थ कापलेल्या पानावरच असणार. नुसत्या गावाच्या नावासाठी कुणी कोश कापत नाही.

तेव्हा चोराला तो अर्थ माहीत होता.

४

बुधवारी पहाटेच टांगा करून येडगावला गेलो.

विहिरीवर मोट चालू होती आणि मोट हाकत होता चक्क कुंडलिक, ठमाबाईला घराबाहेर काढायला आलेला माणूस. पन्नाशीचा, रापलेला, अंगात फाटकी बंडी.

“तू इथे काय करतोस?”

“पानी वढाया वैर आडवं येतं व्हय, मास्तर? म्हातारी येकली, गडी तापानं पडलाय. म्हनलं चार मोटा वढू.” त्यानं बैल थांबवले. “खरं सांगू का? मला जिमीन पायजे, नाय म्हनत न्हाई. पर त्याहून आजा पायजे. माजा बाप मरस्तवर वाटंकडं बघायचा. कुनी म्हनलं जुन्नरकडं गेलता, कुनी म्हनलं वाटंतच मेला. ह्यो जाहीरनामा आला तवा बाप जिता असता तर नाचला असता.”

अक्षरओळख विचारली तर त्यानं अंगठा पुढे केला. या माणसालाही मी मनातून खोडला.

ठमाबाई ओट्यावर तांदूळ पाखडत होती. शेजारी तिची सात वर्षांची नात, प्रयाग. आई बाळंतपणात गेलेली, आजीच तिची आई. मी दगड दाखवायला सांगितलं, तशी म्हातारी स्वतः पुढे आली. रोज सकाळी हळदकुंकू लावून अक्षरांच्या खाचा लाल-पिवळ्या झालेल्या होत्या.

मी वाचलं. एन, ई, पी, टी, ई. पुन्हा वाचलं. शेवटी आय हवा होता, इथे ई होता. ‘नेप्टी’ नव्हे, ‘नेप्टे’.

खाली वाकून पाहिलं. रोमन लिपीतला आय म्हणजे नुसता उभा दांडा. त्याला उजवीकडे तीन आडव्या रेघा दिल्या की ई होतो. शब्दातल्या पहिल्या ईच्या तिन्ही रेघांत साठ वर्षांचं हळदकुंकू मुरलं होतं. शेवटच्या ईचा दांडा तसाच मुरलेला, पण आडव्या रेघांत वरवर लावलेलं कुंकू तेवढं होतं, आणि नखानं खरवडताच आतून पांढरा, ताजा दगड दिसला.

“मावशी, इथे कुणी छिन्नी चालवली?”

“काय की बाबा. रविवारी आमी समदी मंचरच्या बाजारला गेलो व्हतो. सोमवारी कुंकू लावाया गेले तर बोट अडाकलं. ह्यो शेवटचा नुसता दांडा व्हता. त्याला फांद्या कवा फुटल्या?”

“नक्की दांडाच होता?”

म्हातारी हसली. “माजं नाव मला म्हाईत न्हाई व्हय?”

तिनं डाव्या हाताच्या बांगड्या मागे सारल्या. मनगटाच्या वर, सुरकुतलेल्या कातडीवर, हिरवट गोंदण होतं. तुळस नव्हती, देवाचं नाव नव्हतं. पाच रोमन अक्षरं होती. गोंदणारणीनं दगडावरून बघून जशीच्या तशी उतरवलेली. एन, ई, पी, टी, आणि शेवटी एक उभा, साधा, बिनफांदीचा आय.

“मी प्रयागयेवढी व्हते. आज्यानं गोंदून घेतलं. म्हनला, सायबानं तुजं नाव दगडावर घातलंय, ते हातावर आसू दे. कागूद जळतो, दगूड फुटतो, हात संगं ऱ्हातो.”

आय असलेला ‘नेप्टी’ हे चतुर्थीचं रूप, आपल्याकडच्या ‘ला’सारखं. ई असलेला ‘नेप्टे’ ही पंचमी, आपला ‘हून’. नेपतीहून आलेला सावळेराम असा अर्थ हवा असेल तर पंचमीच पाहिजे. पण हे कुणाला कळणार? सगळा तालुका तो दगड आहे तसाच नेपती म्हणून वाचत होता. आय राहिला असता तरी कुणाचं काही अडलं नसतं. विभक्ती चुकलीय म्हणून ज्याला बोचेल, असाच माणूस दगडावर छिन्नी चालवील.

जुन्नर तालुक्यात अशी माणसं दोन. त्यातला एक मी.

५

टांग्यात बसल्यावर कानात ठमाबाईचा आवाज घुमत राहिला. निघताना ती म्हणाली होती, “मास्तर, मला न्हाई, पर माज्या नातीला तरी ही जागा ऱ्हाऊ द्या.”

नातीला. मी बारा वर्षांचा असताना धोंडोपंतांनी पाटीवर लिहून दिलं होतं, नातू म्हणजे संस्कृतातला नप्तृ, आणि नात म्हणजे नप्त्री. नप्त्री आणि नेप्टी. कान असूनही बहिरा म्हणतात तो मी.

पण मामलेदारांना छापील आधार हवा. शाळेत गेलो आणि कोशातला ‘न’ उघडला नाही, ‘प’ उघडला. नप्त्रीच्या आधी प्र लागला की आपल्याकडे पणती होते. लॅटिनमध्ये काही असेल का? होता. ‘प्रोनेप्टिस: नातीची किंवा नातवाची मुलगी, पणती.’ चोरानं नात कापून नेली होती, पण पणतीला विसरला होता.

दिवेलागणीच्या आधीच मी पंतांच्या घरी पोचलो. ते ओसरीवर एका पोथीच्या पाठीला खळ लावत बसले होते. बाजूला बोरू तासायचा चाकू, पातळ, लखलखीत.

“ये, चांगदेवा. दगड पाहिलास?”

“पाहिला. पंत, छिन्नी कशाला चालवलीत?”

त्यांनी पोथी खाली ठेवली. नाही म्हणाले नाहीत. मला वाटलं होतं, नाही म्हणावं.

“कशावरून ओळखलंस?”

“जोडपान चिकटवलंत त्यावरून शंका यायला हवी होती. पुस्तकाला इजा होऊ नये म्हणून जपणारा चोर इथे दुसरा कोण? पण खरं ओळखलं ते शेवटच्या ईवरून. आय असता तरी चाललं असतं, पंत. कुणालाच कळलं नसतं.”

“मला कळत होतं,” ते म्हणाले. “रोज रात्री अंथरुणावर पडलं की ती चतुर्थी डोळ्यांपुढे यायची. पुढच्या महिन्यात माझी टिपणं छापून येतायत. पहिलंच प्रकरण नेपतीकराच्या विहिरीचं. उद्या कुणी शहाणा येऊन म्हणाला असता, धोंडोपंतांना विभक्ती कळत नाही.”

“आणि अर्थ?”

“अर्थ मला तीन महिन्यांपूर्वी कळला. जाहीरनामा निघाला तेव्हा म्हटलं, एकदा पाहून घेऊ. त्याआधी तेवीस वर्षांत पाहिला नव्हता. गावाचं नाव कोण कोशात बघतं?” ते हसण्याचा प्रयत्न करत होते. “पाहिलं आणि पायाखालची जमीन सरकली. मग मनाची समजूत घालत बसलो. त्याच शब्दापासून इंग्रजीत नीस आला. तीही जुन्या काळी नात होती, पुढे झाली पुतणी आणि भाची. म्हटलं, शब्द इतके हलतात, मीच एकटा का चुकलो म्हणायचं?”

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो राग.

“एक म्हातारी उद्या पोरीला घेऊन रस्त्यावर येणार होती. तुमच्या एका विभक्तीपायी.”

“सुवालालला मी सांगणार होतो, तिला एक खोली दे म्हणून.”

“तिच्याच विहिरीवर?”

त्यांनी पोथी पुन्हा मांडीवर घेतली. मी विचारलं, पान जाळलं का. ते पोथीच्या पाठीवरची खळ बोटानं सारखी करत राहिले. उद्या कचेरीत मी सगळं सांगणार, तुमच्या नावासकट, एवढं बोलून मी उठलो. दर वेळी दारापर्यंत पोचवायला येणारे पंत त्या दिवशी जागचे हलले नाहीत.

६

गुरुवारी कचेरीत गर्दी होती. एका बाजूला कुंडलिक, दुसऱ्या बाजूला प्रयागचा हात धरून ठमाबाई. सुवालाल शेठ मागे उभे. धोंडोपंत आले आणि भिंतीकडेच्या बाकावर बसले. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

बुधवारी कागदावर घेतलेला दगडाचा ठसा मी मामलेदारांपुढे ठेवला आणि शेवटचं अक्षर नंतर बदललंय असं सांगितलं.

“कशावरून?” मामलेदार म्हणाले. “दगडावर तर ई दिसतो.”

“मावशी, हात दाखवा.”

ठमाबाई पुढे झाली. मामलेदारांनी चष्मा चढवून तिचं मनगट उजेडाकडे धरलं, बोटानं एकेक अक्षर मोजलं आणि शेवटच्या आयवर बोट टेकवलं.

“हे किती वर्षांचं?”

“पंचावन-छप्पन असतील. तवा मला दुधाचे दात व्हते.”

“ठीक. अक्षर आय. पण मास्तर, याचा अर्थ? मला छापील आधार पाहिजे.”

मी कोश उघडला. ‘प’च्या पानावर बोट ठेवलं. आता चोराचं नाव घ्यावं लागणार होतं.

बाकावरून धोंडोपंत उठले. काखेत दोन पुठ्ठे होते, दोऱ्यानं बांधलेले. त्यांनी दोरा सोडला आणि मधलं पान काढून टेबलावर ठेवलं. घडी नव्हती, डाग नव्हता.

“छापील आधार हा,” ते म्हणाले. “कोशातून मी कापला होता. दगडावरच्या रेघाही माझ्या. जाळायला घेतलं होतं, पण कोशाचं पान जाळवेना.” मग त्यांनी वर्गात उभं राहून वाचावं तसं वाचलं. “नेप्टिस, स्त्रीलिंगी नाम, नात. नेप्टी, चतुर्थीचं एकवचन. सावळेरामी, षष्ठी. सावळेरामाच्या नातीला. माझी दप्तरातली नोंद चूक आहे. नेपतीकर नावाचा कुणी सावळेराम इथे नव्हता.”

मी कोश मिटला. पणतीची गरज उरली नाही.

मामलेदारांनी नोंद तिथल्या तिथे दुरुस्त करवली, जमीन ठमाबाईची. मग माझ्याकडे वळून विचारलं, शाळेची तक्रार आहे का. मी म्हणालो, शाळेला पान परत मिळालं, दगड मात्र ठमाबाईचा आहे, तिला विचारा.

ठमाबाईला अजून पहिलंच उमगलं नव्हतं. “म्हंजी माज्या हातावर माजं नाव न्हाई?”

“नाही, मावशी. नातीला, एवढंच लिहिलंय.”

तिनं मनगटाकडे पाहिलं. “आजा मला ठमा कवाच म्हनला न्हाई. नाते म्हनायचा. ये नाते, पानी दे नाते. मंग नावच की माजं.”

कुंडलिकानं खाली बघत विचारलं, “मंग माजा आजा कुटं गेला, साहेब?” ठमाबाईच म्हणाली, “भाऊ, आल्यासरशी चार दिस ऱ्हावा. जुन्नरला, ओतूरला, म्हाताऱ्या मानसांना इचारू. हितं आला असंल तर कुनाला तरी ठावं असंल.”

धोंडोपंत तिच्यापुढे जाऊन उभे राहिले. सत्तरीचा माणूस हात जोडून उभा राहिला की कुठे बघावं ते कळत नाही. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

“बाई, दगड नवा करून देतो.”

“नगं. सायबाचा दगूड त्यो, ऱ्हाऊ द्या तसाच. पर पंत, आता बराबर ल्हेलेला माजा हातच तेवढा उरला. त्यो किती दिस पुरनार? पुनवेला गोंदणारीण येती. तुमी या. माज्या प्रयागच्या हातावर ल्हून द्या, ती वरनं सुई चालवील. तुमच्याच हातानं, आन बराबर.”

पुनवेला आम्ही दोघं टांग्यानं येडगावला गेलो. विहिरीवर कुंडलिक मोट हाकत होता. त्याच्या आजाचा पत्ता लागला नव्हता, पण तोही गेला नव्हता. पंतांनी पोरीचा हात मांडीवर घेतला, बोरू शाईत बुडवला आणि लिहायला लागले. पहिली चार अक्षरं त्यांनी छापल्यासारखी काढली. पाचव्याआधी त्यांनी ठमाबाईच्या मनगटाकडे एकदा पाहिलं. मग वरून खाली एक उभी रेघ ओढली.

“झालं?” प्रयागनं विचारलं.

“झालं, नाते,” पंत म्हणाले, आणि बोरू खाली ठेवला.